मुन्सफबाईंना परावृत्त करण्याबाबत

तीर्थस्वरूप वहिनी,

साष्टांग नमस्कार. (लिहिताना मी खुर्चीत ताठ बसलेलो आहे, आडवा झालो आहे तो मनाने. एवढा तपशील दिलेला बरा, कारण तुम्ही पत्र मोठ्याने वाचता आणि दादा मध्येच शंका काढतो.) तुमची प्रकृती कशी आहे? दादाचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही डावा गुडघा लिहिला होतात, पण जिन्यावरून घसरला तेव्हा तो उजव्या अंगावर पडला होता, तेव्हा दुखरा उजवाच असला पाहिजे. एकदा दोन्ही बघून घ्यावेत. इकडे तुमच्या जाऊबाई ठीक आहेत. त्यांनी नमस्कार सांगितला आहे, आणि पत्र आखूड लिहा, वहिनींच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, असंही बजावलं आहे. मी आखूडच लिहिणार आहे.

तुमचं पत्र पोचलं. मजकूर माझ्या समजुतीप्रमाणे असा (समोरच्याचं म्हणणं आधी आपण नीट मांडावं, म्हणजे पुढे वाद राहत नाही, ही माझी कोर्टापासूनची सवय): तुमच्या लेकीला, आपल्या मुन्सफला, आमच्या परराष्ट्र खात्याच्या कायदा शाखेतून नेमणुकीचं बोलावणं आलं आहे. महिनाअखेर होकार किंवा नकार कळवायचा आहे. ती होकाराकडे झुकली आहे. तिकडे दादाच्या घड्याळांच्या दुकानाला लागून असलेल्या खोलीत तिची वकिली आता कुठे मार्गाला लागते आहे, अशिलं बाकावर बसून वाट बघायला लागली आहेत, आणि एका घरातला एक माणूस या नोकरीने नेला तेवढा पुरे झाला, असं तुमचं मत आहे. तो एक माणूस म्हणजे मी. पुढे तुम्ही लिहिता, "भावजी, ती माझं ऐकत नाही आणि ह्यांचं म्हणणं ह्यांनाच ऐकू जात नाही. तुमचं ऐकेल. चांगलं खरमरीत पत्र लिहा. त्या नोकरीत तुमचे काय काय हाल झाले ते सगळं लिहा, काही म्हणजे काही राखू नका."

वहिनी, तुमचा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही. शिवाय मुलीला मुन्सफ हे नाव मीच ठेवलेलं आहे. (चार वर्षांची असताना एका छत्रीवरून माझं आणि दादाचं वाजलं होतं, तेव्हा हिने दोघांचं ऐकून घेतलं, दोघांनाही दोषी ठरवलं आणि छत्री स्वतः ठेवून घेतली. त्या निकालात मला आजही खोट काढता येत नाही.) तेव्हा तिच्या भल्याचा विचार करणं माझ्याकडे लागतंच. हे पत्र तिला समोर बसवून, दार लावून, सावकाश वाचून दाखवावं.

आधी एक दुरुस्ती. शेजारच्या शिंपिणीला तुम्ही मी "परदेशच्या सरकारांचा वकील" आहे असं सांगितल्याचं कळलं. तसं पद नाही. मी आधी वकील होतो, मग राजनैतिक अधिकारी झालो आणि आता परराष्ट्र धोरणाचा सल्लागार आहे. तिन्ही कामं वेगळी. वकील समोरच्याला हरवतो. राजनैतिक अधिकारी समोरच्याला आपण हरलो हे कळू न देता घरी पाठवतो. सल्लागार दुसऱ्या रांगेत बसतो.

आता हालांकडे येतो. पण हाल कुठून सुरू झाले ते सांगितल्याशिवाय त्यांची लांबीरुंदी कळायची नाही. मला कोणी शिकवलेलं नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, तरी मुन्सफला पुन्हा एकदा ऐकू द्या. मी थोरल्या वकिलांकडे टंकलेखक म्हणून लागलो. त्यांच्या दाव्यांच्या चार-चार प्रती काढायच्या, मध्ये कार्बन घालायचा, आणि खालची प्रत पुसट आली की शिव्या खायच्या. पण जो मनुष्य एक वाक्य चार वेळा वाचतो त्याला त्या वाक्यात काय लपवलं आहे तेही दिसायला लागतं. थोरल्या वकिलांना स्वतःच्या दाव्यातल्या चुका माझ्याकडून कळायला लागल्या तेव्हा त्यांनी मला आधी गप्प बसायला सांगितलं आणि मग परीक्षेला बसायला सांगितलं. अभ्यास मी तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून केला, कारण दिवा तिथेच होता. फोडणी घालताना तुम्ही मला "सरक" म्हणायचात आणि मी पुस्तकासकट सरकायचो. बहिःशाल विद्यार्थी म्हणून पहिल्या फटक्यात पास झालो. (पहिल्या फटक्यात. दादा हे सांगताना नेहमी दुसऱ्या म्हणतो. दुसऱ्या फटक्यात तो सायकल शिकला.)

कोर्टात वकिलांच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट तुम्ही पाहिलेलं नाही. फौजदारीची पुस्तकं ज्येष्ठ मंडळी घरी नेत आणि ती तिथेच म्हातारी होत. वारसाहक्काच्या पुस्तकांची पानं कोणीतरी ब्लेडने कापलेली. एकच संच अखंड होता, पाण्याच्या कायद्याचा. नद्या, नाले, बंदरं, वाहून गेलेल्या वस्तू, वाहून आलेल्या वस्तू. त्याला कोणी शिवलेलंच नव्हतं. मी तो पहिल्या पानापासून शेवटच्या सूचीपर्यंत वाचला. सूचीसुद्धा वाचली, आणि सूचीत तीन चुका सापडल्या त्या पेन्सिलीने दुरुस्त केल्या. आमच्या खोलीत यावर बराच हशा झाला. एक फौजदारीवाले मला "ओलेते" म्हणायला लागले.

मग तो तराफा वाहून गेला. नदीच्या दोन काठांवर दोन देश, मध्ये पाणी, आणि आपल्या काठावर एका नावाड्याचा तराफा बांधलेला. पाणी चढलं, दोर तुटला आणि तराफा पलीकडच्या देशात जाऊन लागला. तराफ्यावर एक वजनकाटा होता आणि आपला जकातीचा कारकून झोपलेला होता. पलीकडच्यांनी कारकून परत पाठवला, तराफा आणि काटा ठेवून घेतला. नावाडी सगळ्या वकिलांकडे फिरला. सगळ्यांनी त्याला तुझा माणूस परत आला ना, मग आणखी काय पाहिजे, असं सांगून वाटेला लावलं. (तो माणूस त्याचा नव्हताच, सरकारचा होता. त्याचा होता तो तराफा. इतकी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात येऊ नये याचं मला अजून नवल वाटतं.) शेवटी तो माझ्याकडे आला. मी वाहून गेलेल्या वस्तूंबद्दल सगळे आधार देऊन एक निवेदन केलं आणि ते रीतसर परराष्ट्र खात्याला पाठवलं. खात्यात ते वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते लिहिणाऱ्यालाच बोलावून घेतलं. कोर्टाच्या तारखेला जावं तसा मी निघालो, फाइल बगलेत, छत्री हातात. संध्याकाळच्या जेवणाला परत येतो असं तुम्हाला सांगून गेलो होतो. तो अजून यायचा आहे.

तराफा परत मिळाला. काट्याबद्दल बोलणी चालू आहेत.

पहिला हाल भाषेचा. खात्याने मला जिथे प्रथम पाठवलं तिथली भाषा मी जुन्या बाजारातून आणलेल्या एका पुस्तकावरून शिकलो. शिकवणी लावा, खर्च खातं देईल, असं खात्यातले वरिष्ठ म्हणत होते, पण मी स्वतः शिकलेला मनुष्य, मला ते कमीपणाचं वाटलं. पुस्तक उत्तम होतं. फक्त त्याची शेवटची काही पानं गेलेली होती आणि हे मला तिथे पोचेपर्यंत कळलं नाही, कारण पुस्तक संपलं की संपलं असं आपण धरून चालतो. त्यात आगमन होतं, हवापाणी होतं, प्रकृतीची चौकशी होती, कपड्यांची दुकानं होती. निरोप कसा घ्यावा, हा धडा मात्र गेलेल्या पानांत होता. तिथल्या मंत्र्यांच्या घरी पहिलं स्वागत. मी वेळेवर गेलो, आगमन उत्तम केलं, हवेबद्दल बोललो, प्रकृती विचारली. एकेक पाहुणा काहीतरी पुटपुटून, मान लववून जात होता. ते काय पुटपुटतात ते मला नेमकं ऐकू येईना, आणि चुकीचं काही बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं म्हणून मी थांबून राहिलो. सगळे गेले. मी पुन्हा प्रकृती विचारली. यजमानीणबाईंनी ती पुन्हा सांगितली, आधीपेक्षा थोडी जास्त खरी. वाढपी टेबलं पुसायला लागले तेव्हा मंत्री माझ्यासमोर येऊन बसले, बूट सैल केले आणि थकलेल्या आवाजात विचारलं की तुमच्या सरकारला नक्की काय हवं आहे ते एकदाचं सांगा. मला फक्त घरी जायचं होतं, पण ते कसं म्हणायचं ते येत नव्हतं, म्हणून जे येत होतं ते म्हणालो. म्हणालो की कापड हवं आहे. (दुकानांचा धडा.) आमच्या दोन देशांमधला कापडाचा करार त्यातून निघाला. त्याच्या प्रस्तावनेत "प्रदीर्घ चर्चेनंतर" असे शब्द आहेत. ती चर्चा म्हणजे मी.

मुन्सफला सांगा की असे प्रसंग येतात आणि पाय फार दुखतात.

(इथे मध्यंतरी थांबलो होतो. शाई बदललेली दिसेल. कामं असतात, आणि हाल नीट आठवून लिहायचे तर घाई करून चालत नाही.)

दुसरा हाल मोठा आहे. वकिलाला सहीची सवय असते. सही न केलेला कागद माझ्या हातून बाहेर गेला तर मला गंजिफ्रॉकवर रस्त्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. उलट या धंद्यात एक प्रकारचं टिपण असतं, त्याच्यावर नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, शिक्का नाही, सही तर नाहीच. आपल्याला काहीतरी सुचवायचं असतं, पण सुचवलं असं व्हायला नको असतं. तेव्हा ते टिपण टेबलावरून हळूच पलीकडे सरकवायचं. त्यांना आवडलं तर पुढे बोलायचं, नाही आवडलं तर तो कागद जन्मालाच आला नव्हता. सगळी पद्धत मला समजावून सांगितलेली होती. मी मान डोलावली होती.

नदीतल्या बेटाची बोलणी होती. (तीच नदी. नदीने मला आयुष्यात सोडलेलं नाही.) आपल्या सरकारने मनात आणलं होतं की बेटाचा अर्धा भाग त्यांना द्यावा आणि बदल्यात गाळ काढायचा हक्क घ्यावा. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर दुसऱ्या दिवशी आमच्या तेव्हाच्या मंत्र्यांना घरी बसावं लागलं असतं. टिपण मी स्वतः लिहिलं. सुंदर झालं होतं. आणि वहिनी, खरं सांगतो, ते हाताबाहेर जाऊ देताना माझ्याच्याने राहवलं नाही. मी प्रत्येक पानावर सही केली. खाडाखोड एक होती, तिच्याशेजारी आद्याक्षरं घातली. तारीख घातली. शेवटच्या पानावर कचेरीचा शिक्का मारला. शिक्क्याच्या शेजारी थोडी जागा रिकामी दिसत होती, तिथे "खरी नक्कल" असं लिहून त्याखाली पुन्हा सही केली. मग ते पलीकडे सरकवलं आणि खुर्चीत निवांत मागे टेकलो.

पलीकडे बसायचे ते एक म्हातारबुवा होते. माझ्या वडिलांच्या वयाचे, कोटाला नेहमी वरची गुंडी लावलेली, आणि मला वर्षभर एक इंच न दिलेले. त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला त्यांचे दोन तरुण अधिकारी, दोघांच्याही माना आता कागद बघायला लांब झालेल्या. म्हातारबुवांनी पहिलं पान पाहिलं. सही पाहिली. दुसरं पान पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे मी काय करून बसलो आहे ते मला कळलं. वहिनी, त्या खोलीला दोन खिडक्या होत्या, त्यातली एक नुसती भिंतीवर रंगवलेली होती, आणि मी त्या रंगवलेल्या खिडकीतून उडी कशी मारता येईल याचा विचार करत होतो. म्हातारबुवांनी अधिकाऱ्यांना काही दाखवलं नाही. त्यांनी कॉफीचा पेला उचलला, तो ओठांपर्यंत नेला आणि सगळाच्या सगळा त्या टिपणावर ओतला. शाई वाहून एका बाजूला गेली. शिक्का निळा ढग होऊन गेला. दोन्ही तरुण अधिकारी फडकी शोधायला पळाले, आणि तेवढ्यात म्हातारबुवा माझ्या बाजूला झुकून म्हणाले, "हात हल्ली थरथरतो माझा. एक स्वच्छ प्रत मिळेल का? या खेपेला नुसता मजकूर पुरे."

त्यांचा हात थरथरत नव्हता. लगेच पुढे त्यांनी कोटाची ती वरची बारीक गुंडी एका हाताने काढली आणि एका हाताने लावली, माझ्यासमोर, मुद्दाम. ओला लगदा त्यांनी रुमालात गुंडाळून माझ्याच हातात दिला. मी बाहेर जाऊन नवी प्रत लिहिली, सही न करता, डावा हात उजव्या हाताने घट्ट धरून. (मी डावखुरा आहे हे मुन्सफला ठाऊक आहे, पण वाचताना दादा विचारेल.) बेटाचं पुढे रीतसर झालं. गाळ अजून निघतो आहे. म्हातारबुवांनी त्यानंतरही मला इंचभर जागा फुकट दिली नाही, गाळाच्या दराबाबत तर अक्षरशः रडवलं. पण निवृत्त होताना मला एक पेला भेट पाठवला. तळ जड होता, सहजासहजी कलंडणार नाही असा.

तर हे असे अपमान गिळावे लागतात, हे तिला नीट समजावून सांगावं.

तिसरा हाल सल्लागारीचा, म्हणजे आत्ताचा. बैठकीत मंत्रिमहोदय पुढच्या रांगेत बसतात, मी त्यांच्या पाठीमागे. साहेब मनाने मोकळे आहेत आणि वाक्याला सुरुवात केली की ते कुठे थांबवायचं याचा त्यांना विसर पडतो. मागे एकदा आभार मानता मानता त्यांनी एक बंदर देऊ केलं होतं. म्हणून आमचं ठरलं की जिथे थांबायला हवं तिथे मी मागून खोकायचं. व्यवस्था साधी होती आणि ती मीच सुचवली होती.

मासेमारीच्या हद्दीची बोलणी होती आणि विमानात नेमक्या माझ्या डोक्यावरची हवेची भोकं बंद होत नव्हती. उतरलो तो घसा बसलेला. बैठक सुरू झाली. साहेब उभे राहिले, "आमच्या कोळ्यांच्या बाबतीत आम्ही कदापि" इथपर्यंत आले आणि मला खोकला आला. साहेब थांबले. खाली बसले. पलीकडची मंडळी वाट बघत राहिली. कदापि काय, हे काही येईना. त्यांच्या प्रमुखाने चष्मा पुसला, शेजाऱ्याच्या कानाला लागला आणि जाहीर केलं की हद्द थोडी मागे घ्यायला आम्ही तयार आहोत. साहेब आभार मानायला उठले, "आपल्या या उदारपणाबद्दल" म्हणाले आणि मला पुन्हा उबळ आली. साहेब बसले. पलीकडे पुन्हा कुजबुज. उदारपणा पुरेसा नाही असा त्यांनी अर्थ लावला. मी तोंडात रुमाल कोंबत होतो, पाणी पीत होतो, तुमच्या जाऊबाईंनी दिलेल्या खडीसाखरेचा खडा आख्खा गिळला, काही उपयोग नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत साहेबांचं एकही वाक्य पूर्ण झालं नव्हतं आणि दीपगृह सोडून बाकी सगळा समुद्र आपल्याला मिळाला होता. बाहेर पडताना साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कुठे थांबायचं हे तुम्हाला बरोबर कळतं," म्हणाले. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर खोकला आला असता.

तेव्हापासून माझी प्रकृती सुधारू दिली जात नाही. खात्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध साहेबांच्या चिटणीसाने स्वतःकडे ठेवून घेतलं आहे, बैठक नसेल त्या दिवशी चमचाभर मिळतं.

(पुन्हा थांबलो होतो. आता संपवतोच.)

वहिनी, काही राखू नका म्हणालात म्हणून आणखी एक लिहितो, आणि हे बाकीच्यांसारखं नाही. कोर्टात खटला जिंकला की अशील पायरीवर गळ्यात पडतो, चार लोक बघतात, तुम्ही घरी दारात उभ्या असायचात आणि माझ्या चालण्यावरूनच तुम्हाला निकाल कळायचा. इथे जिंकलं तर ते कोणाला कळता कामा नये. कोणी टाळी वाजवली की समजावं, काम बिघडलं. मी स्वतःच्या कष्टाने वर आलेला मनुष्य, केलेलं काम सांगायला मला आवडतं हे तुम्हाला काही नवीन नाही. गेली कित्येक वर्षं मी संध्याकाळी घरी येतो, तुमच्या जाऊबाई विचारतात काय झालं आज, आणि मी सांगतो, काही नाही. बेटाचं मिटलं त्या दिवशीही काही नाही, समुद्र मिळाला त्या दिवशीही काही नाही. त्या बिचाऱ्या हळूहळू खरंच समजायला लागल्या आहेत की मी काही करत नाही. वरचे तीन हाल मी आज पहिल्यांदा कोणाला तरी सांगतो आहे. मुन्सफचा स्वभाव माझ्यावर गेला आहे. निकाल दिला की ती तो सगळ्या आळीला ऐकवते. तिला हे झेपेल का, एवढा एकच विचार माझ्या मनात खरा येतो. बाकी पाय दुखणं, खोकला वगैरे काय, बरं होतं.

तरी वर लिहिलेले सर्व हाल विचारात घेता माझं स्पष्ट मत असं आहे की मुन्सफने ही नोकरी धरू नये, आपल्या गावी, आपल्या खोलीत, आपल्या बाकावरच्या अशिलांची कामं करावीत आणि जिंकलं की पायरीवर उभं राहून सगळ्यांना सांगावं. हे मत मी पूर्ण विचाराअंती, शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाखाली न येता देत आहे. (या तीन गोष्टींपैकी शेवटची पूर्ण खरी नाही, पण पत्र तुमच्या सांगण्यावरून लिहिलं आहे हे तिला सांगायची गरज नाही.)

दादाला नमस्कार. तुमच्या हातचं खाऊन बरेच दिवस झाले हे सहज लिहितो.

आपला आज्ञेतला दीर

ता. क. — पाकिटात घालण्यापूर्वी पत्र तुमच्या जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्या कॉफीच्या ठिकाणी हसल्या आणि खोकल्याच्या ठिकाणी त्यांनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. शेवटी म्हणाल्या, "ह्यात हाल कुठे आहेत?" तेव्हा मुन्सफला वाचून दाखवताना निरोपाचा, कॉफीचा आणि खोकल्याचा भाग गाळावा. तराफाही गाळावा. थोडक्यात, सुरुवातीचा नमस्कार वाचावा आणि थेट माझ्या मतावर यावं.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवलं होतं ते वाफेवर धरून पुन्हा उघडलं आहे. आज सकाळी दाराची घंटा वाजली. दारात मुन्सफ, एक ट्रंक, दादाची जुनी वळकटी आणि एक डबा. मला वाटलं पळून आली. मी तिला आत घेतलं, बसवलं आणि उभ्या उभ्याच सुरुवात केली की बाई गं, तुझ्या आईचा तुझ्यावर किती जीव आहे. तर म्हणाली, "काका, आईनेच गाडीत बसवलं मला. होकार पाठवला मी."

मी म्हटलं, माझं पत्र आल्याशिवाय तिने तुला कशी सोडली. त्यावर तिने तुमचं बोलणं सांगितलं ते इथे जसंच्या तसं देतो, म्हणजे तुम्हाला नाकारता येणार नाही. तुम्ही म्हणालात, "ज्याला नोकरीचा खरोखर वीट आलेला असतो तो अर्ध्या पानात लिहून मोकळा होतो. भावजी अजून लिहितायत. म्हणजे तिथे काहीतरी बरं असणार. जा तू."

वहिनी, उलटतपासणी घ्यावी म्हणून मी तिला विचारलं की जिंकल्यावर कोणाला सांगता येणार नाही, हे तुला माहीत आहे का. ती म्हणाली, तुम्हाला सांगता येईल ना, तुम्ही खात्यातलेच आहात. मग तिने मला विचारलं, कापडाचा करार नक्की कसा झाला. मी सांगायला बसलो. तुमच्या जाऊबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली आणि तिसऱ्यांदा त्या स्वतःच येऊन बसल्या.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे हे पत्र आता यासाठीच पाठवतो आहे. गाडी सुटताना आई रडली का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, नाही, डबा दिला आणि खिडकीच्या गजाला धरून सांगितलं, "भावजी खरोखर कसे आहेत ते तुझ्या डोळ्यांनी बघून मला कळव. ते स्वतः कधी सरळ लिहायचे नाहीत." त्याप्रमाणे तिने आज दुपारी पुढच्या खोलीत बसून तुम्हाला एक पत्र लिहिलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आली. चांगलं दोन पानी होतं, मी दारातून पाहिलं. त्यात माझ्याबद्दल काय लिहिलं आहे ते कृपा करून उलट टपाली मला कळवावं. तिला मी तीन वेळा विचारलं. ती म्हणते, सांगता येत नाही.